पाणी देणारे पत्ते

माझ्याकडे पत्त्यांच्या दोन गड्ड्या आहेत आणि खेळणारी मी एकटी आहे.

पत्ते म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांसमोर पत्र्याच्या शेडमागचा तीनपत्तीचा अड्डा येतो, त्यांनी तो आधी बाजूला सारावा. आमच्या खेळात पैसा नव्हता, राजा-राणी नव्हती, कुठल्याही पुरुषाचा त्यात संबंध नव्हता. हे सुरुवातीलाच लिहून टाकते. कारण जालन्यात दोन पोरी दार लोटून पत्ते खेळतात एवढं कळलं की लोकांना पुढचं ऐकून घ्यायची गरज वाटत नाही. आमच्या घरमालकीण मावशींनाही वाटली नव्हती. त्यांनी सरळ माझ्या वडलांना फोन लावला. वडील शिक्षक आहेत. त्यांनी मला विचारलं, जिंकतेस का? मी नाही म्हणाले. मग ते म्हणाले, तर मग अभ्यास कमी पडतोय.

दुसरी पोरगी म्हणजे माझी मैत्रीण. ती राजूरकडची, घरी जमीन, मिरची आणि मका. मी वडीगोद्रीच्या अलीकडच्या गावची, घरात बुद्धमूर्ती आणि भिंतभर पुस्तकं. दोघी स्पर्धा परीक्षेसाठी जालन्याला आलो आणि अंबड रोडच्या बाजूला एका खोलीत राहू लागलो. ती अभ्यास करत राहिली. मी वर्षभरात सोडला, कारण मला पत्रकं लिहायचा नाद लागला होता. पत्रक म्हणजे एका कागदावर मावेल एवढा राग. तेवढंच मला नीट येतं.

खेळ तिच्या भावाचा. तो पुण्यात कंपनीत आहे. तिकडची पोरं सुट्टीच्या दिवशी असले परदेशी खेळ खेळतात. एका दिवाळीला तो त्यातल्या एका पत्त्यांच्या खेळाचा डबा घेऊन गावी आला आणि तिथेच विसरून गेला. पत्त्यांवर राक्षस, किल्ले, चकाकणारे दगड. दगड जमवायचे, दगड मोजून राक्षस मैदानात आणायचे, राक्षसांनी समोरच्याचा किल्ला फोडायचा. खेळ झकास होता, पण तो डबा भावाने परत मागवला. तेव्हा आम्ही स्वतःचे पत्ते केले. मी पत्रकं छापते त्या प्रेसमध्ये लग्नपत्रिकांचा जाड कागद उरलेला असतो. मागची बाजू सगळी मरून रंगाची, एकसारखी. मालकाने तो मशीनवर कापून दिला. नियम आणि आकडे तिने लिहिले, नावं मी ठेवली.

चकाकणाऱ्या दगडांचं मी पाणी केलं. त्यावर आमच्यात चर्चाच झाली नाही. ज्याच्यावाचून पुढचं काहीच हलत नाही, त्याला आमच्याकडे दुसरं नाव नाही.

नियम सांगते, सोपे आहेत. सगळे पत्ते ठेवलेल्या डब्यातून आपल्याला हवे ते चाळीस पत्ते निवडून आपली गड्डी आपण बांधायची. पत्ते दोन प्रकारचे, पाणी देणारे आणि पाणी पिणारे. पिणारे म्हणजे माणसं, बैलजोड्या, मोर्चे. ठरलेलं पाणी मोजून दिलं की ते हातातून खाली उतरतात आणि समोरचीच्या वेशीवर चालून जातात. वेस पडली की ती हरली. दर चालीला गड्डीतून एक पत्ता उचलायचा, आणि एक पाणी आभाळातून फुकट. पाणी मोजायला आम्ही चिंचोके घेतले होते. आणि एक शेवटचा नियम: गड्डी संपली, उचलायला पत्ताच उरला नाही, तरी हार.

आता पाणी देणारे पत्ते. विहीर खणायला दोन पाणी लागायचं आणि मग ती दर चालीला एक द्यायची. तळ्याला पाच लागायचं, मग ते दर चालीला तीन द्यायचं. टँकरला काहीच लागायचं नाही. टाकला की लगेच तीन पाणी, आणि पत्ता बाद. बोअर खेळायला फुकट, पण मग एक पाणी घालायचं आणि आपल्याच गड्डीतला वरचा पत्ता उलटायचा. तो पाण्याचा निघाला तर तीन मिळायचं, नाहीतर घातलेलं गेलं. उलटलेला पत्ता दोन्ही वेळी खेळातून बाद. पाणी असेल तोवर एकाच चालीत कितीही वेळा मारा.

आमच्या भागातल्या कुणालाही विचारा, हे चार पत्ते समजावून सांगावे लागणार नाहीत.

अडचण टँकरची झाली. मी तेव्हा टँकरवर पत्रकामागून पत्रक काढत होते. उन्हाळा आला की टँकर सुरू, टँकरच्या फेऱ्यांवर पुढारीपण सुरू, आणि तळ्यातला गाळ तिथल्या तिथे. ‘टँकर येतो, तहान राहते’ ही ओळ माझी आहे. ती अंतरवाली सराटीच्या चहाच्या टपरीपासून भोकरदनच्या स्टँडपर्यंत चिकटवून आलेली मी, माझ्या गड्डीत टँकर घालणार? मी चारही टँकर बाजूला काढून ठेवले. तिने तिचे चारही घातले.

“टँकर तू घेणार न्हाई?” तिने विचारलं.

“न्हाई.”

“अगं पत्ता हाये तो. त्याला काय मत टाकायचंय का.”

“तुझं तू बघ.”

“नाव तूच ठेवलं ना? ह्याला मी फकस्त तीनचा पत्ता म्हणत व्हते.”

बरोबर होतं तिचं. पण एकदा नाव पडल्यावर मला तो पत्ता हातात धरवत नव्हता. तिच्या टँकरांचे कोपरे खेळून खेळून फुगले, काळे पडले. माझे डब्यात पडून कोरेच्या कोरे राहिले.

मी हरत गेले. टँकर नसल्याने हरले असं म्हणून मी स्वतःची समजूत काढू शकले असते, पण खरं कारण वेगळं होतं. माझ्या गड्डीत पाणीच कमी होतं. मला मोर्चे आवडायचे. सहा पाण्याचा मोर्चा, एका धडकेत अर्धी वेस. असले जेवढे होते तेवढे मी घालायचे, आणि डाव संपायचा तेव्हा हातात पाच मोर्चे आणि पुढ्यात दोन चिंचोके. विहिरीच्या पत्त्यावर काय असतं? एक गोल. ती कुणाला मारत नाही, कुणाला अडवत नाही, नुसती बसून असते. तसला पत्ता चाळिसात कशाला, असं मला मनापासून वाटायचं.

“पुढारीणबाई, मोर्चाला पाणी कोण पाजणार?” ती दर वेळी विचारायची. तिच्या गड्डीत सोळा पत्ते पाण्याचे असत. कधी पंधरा केले, कधी सतरा, पण फिरून सोळावर यायची.

हे ती मला सांगू शकत होती, कारण आमच्या बाहेरच्या कामातही तसंच होतं. रविवारी आम्ही गावात जायचो, पाण्यावर बायकांची सभा घ्यायला. बोलायचं मी. सतरंजी, माईक, पिण्याच्या पाण्याचा जार, ग्रामपंचायतीची परवानगी, बायकांना दुपारी सवड कधी असते याची चौकशी, हे सगळं ती. सुरुवातीला आम्ही सात-आठ जण होतो. कुणाची नोकरी लागली, कुणाचं लग्न झालं, कुणाला दुसरीकडे मोठा झेंडा मिळाला. मग मधले ते दिवस आले, जेव्हा आमच्या तालुक्यात लोक आडनाव बघून चहा पिऊ लागले. कोण कुणाच्या दुकानात बसतो, कोण कुणाच्या गाडीवर दिसतो, सगळ्याच्या नोंदी डोळ्यांनी व्हायच्या. तिच्या चुलत्यांनी तिला खोली बदलायला सांगितलं. माझ्याकडच्या लोकांनी मला विचारलं, ती आपल्या बाजूने कशावरून? आम्ही खोली बदलली नाही. पण सात-आठांपैकी आम्ही दोघीच उरलो, आणि त्या दोघींतली एक फक्त बोलणारी होती.

रविवारी सकाळी गाव, दुपारी जेवण करून पत्ते. मला त्या दिवसांत बोलायला ती सोडून माणूस नव्हतं. तिला होतं. अभ्यासिकेत ओळखी होत्या, घरून रोज फोन यायचा. हा फरक मला तेव्हाच दिसत होता.

मग तिची निवड झाली. तलाठी, रत्नागिरी जिल्ह्यात. जागा जास्त म्हणून तिने अर्ज तिकडचा भरला होता. गावी पेढे वाटले, राजूरच्या गणपतीला घरच्यांनी नारळ फोडला. मी पण पेढा खाल्ला. खोटं कशाला बोलू, आनंदाने नाही. कुणाला नोकरी लागली की आपल्याकडे घरात सगळे हसतात आणि चळवळीतला एक जण कमी होतो, आणि याला प्रगती म्हणायचं असतं. हे मी तिला तोंडावर बोलले. ती भांडी घासत होती.

“मंग काय करू, न्हाई म्हणू?”

“मी काय सांगू.”

“तूच सांग. सगळ्या गावाला सांगत फिरतीस.” मग ताट विसळता विसळता हसून म्हणाली, “असं कर. जायच्या आधी एकदा हरव मला. हरवलंस तर न्हाई जात.”

चेष्टा होती. मी ती चेष्टा म्हणून घेतली नाही. मला ती इथे हवी होती आणि मागायला तोंड नव्हतं. तिने दार एवढंसं उघडं ठेवलं होतं. मी पाय घातला.

ती आठवडाभर गावी गेली, सामान आवरायला. मी खोलीत एकटी. त्या आठवड्यात मी एकही पत्रक लिहिलं नाही. फरशीवर पत्ते मांडून बसले आणि पहिल्यांदा पाणी देणाऱ्या पत्त्यांकडे नीट बघितलं.

तिचं एक वाक्य होतं, मला चिडवताना वापरायची: “किती देतो ते समदेच बघतात. कवा देतो ते बघ.” मी त्या वाक्यापासून सुरुवात केली. विहीर दोन घेते आणि एक-एक देते, म्हणजे दोन चाली ती आपलंच आपल्याला परत करत असते. तिसऱ्या चालीपासून तिचं पाणी खरं. म्हणजे विहीर पहिल्या हातात आली तर सोनं आणि शेवटी आली तर धोंडा. तळ्याचे आकडे डोळे दिपवतात, पण पाच पाणी जमेपर्यंत वेशीवर माणूस येऊन उभा राहतो. तळं एकच ठेवायचं, तेही विहिरी भरपूर असतील तर. पाण्याचे पत्ते फार झाले तर चिंचोक्यांचा ढीग आणि प्यायला कुणी नाही, तीही हारच. मी गड्डी बांधायची, पिसायची, सात पत्ते उचलून बघायची, मोडायची. पुन्हा बांधायची. टिफिनवाल्याने दारात ठेवलेला डबा तसाच राहायचा.

आणि कितीही वेळा मांडलं तरी दुसऱ्या-तिसऱ्या चालीला एक खड्डा राहायचा. विहिरी खणून झालेल्या, पाणी अजून लागायचंय, हातातलं कुणी खाली येत नाही. त्या खड्ड्यावर एकच पत्ता बरोबर बसत होता. फुकट, तीन, लगेच. टँकर आयुष्यभराची सोय नाही, पण विहिरीला पाणी लागेपर्यंत माणसं जगवतो. हे कळल्यावर मला बरं वाटलं नाही. चिडचिड झाली. पत्रकात असली वाक्यं बसत नाहीत. तरी मी चारही टँकर डब्यातून काढले. लग्नपत्रिकेच्या कागदाचा वास अजून होता त्यांना.

मोर्चे तीनवर आणले. पाण्याचे पत्ते अठरा झाले. आणि अठरा झाल्यावर बोअरही परवडायला लागला, कारण गड्डी उलटली तर जवळजवळ निम्म्या वेळी पाणी लागणार. बोअर आम्ही दोघीही कधी घ्यायचो नाही. मी दोन घातले.

रविवारी ती आली. उन्हाळ्याची दुपार, कूलरमध्ये बादलीने पाणी ओतलं, मध्ये चटई टाकली. सुरुवात तिने केली. मी एक विहीर मांडली, पाठोपाठ दुसरी, आणि मग पहिला टँकर टाकला. मला वाटलं आता ती हातातले पत्ते खाली ठेवून हसणार, आठवडाभर हा विषय पुरवणार. तिने नुसतं पत्त्याकडे बघितलं आणि म्हणाली, “तुझी चाल झाली का?”

तिथेच मला कळायला हवं होतं. पण मी खुशीत होते. चिंचोके येत होते, माणसं उतरत होती, तीनही मोर्चे एकामागून एक खाली आले. ती आभाळाच्या एका-एका पाण्यावर एखादा म्हातारा, एखादं वासरू उतरवत होती. एक विहीर मांडली तीही फार उशिरा. तिच्या वेशीला आता एक धडक पुरली असती. मी मोर्चाला हात घातला आणि थांबले. आठवडाभर मी पाण्याच्या सोळा पत्त्यांची तिची गड्डीही मांडून बघितली होती, माझी तिच्याशी लढवून बघायला. ती इतकी कोरडी पडत नाही. एखाद्या वेळी पडलीही असती. पण मग ती कुरकुरली असती, गड्डीला शिव्या घातल्या असत्या. ती मान खाली घालून बसली होती.

“पाण्याचे किती घातलेस?” मी विचारलं.

“घातलेत.”

“किती?”

“सहा.”

मी मोर्चावरचा हात मागे घेतला.

“मार ना,” ती म्हणाली. “मी घरी फोन करते, न्हाई जात म्हणून. हितंच राहू. चाललंय तसं चालू दे.”

“घरी काय सांगशील? पत्त्यात हरले?”

“ते माझं मी बघीन. तू फकस्त जिंक.”

वाचणाऱ्याला इथे काहीतरी उदात्त हवं असतं. माझ्या मनात तसलं काही नव्हतं. मला संताप आला होता. एवढे दिवस फरशीवर बसून मी कशासाठी मोजत होते? आणि गावोगाव आम्ही दोघी काय सांगत फिरलो? की बायांनो, तुमच्या पाण्याचं तुम्ही ठरवा, दुसऱ्याला ठरवू देऊ नका. ती सतरंजी हिनेच अंथरलेली. आणि आता स्वतःचं सगळं सहा पत्त्यांत घालून माझ्याकडे सरकवत होती. जायचं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं, ते मला कळत होतं. तिला तिकडची भीती होती, इथे जीव गुंतला होता. पण मी मोर्चा पुढे केला असता तर पुढची किती वर्षं आमच्या प्रत्येक भांडणात तो मोर्चा मध्ये उभा राहिला असता. आणि मी तिला रोज बघून विचारत बसले असते, ही राहिली की मी ठेवली?

मला ती हवी होती. अशी नको होती.

“पास,” मी म्हणाले.

तिने वर बघितलं. “काय पास?”

“माझी चाल झाली.”

तिने एक पत्ता उचलला, हातात ठेवला. “पास.”

मी उचलला. पास. तिने उचलला. पास. कितीतरी वेळ हेच चाललं. माझ्यापुढे चिंचोक्यांचा ढीग वाढत गेला, मोर्चे नुसते उभे. मध्ये मावशी कूलरचं पाणी बघायला म्हणून आत डोकावल्या. पत्त्यांची त्यांना आता सवय झाली होती.

“कोण जिंकून राह्यलं?”

“कुणीच न्हाई मावशी.”

“मंग कशाला खेळताव?” म्हणाल्या आणि गेल्या. आम्ही दोघी हसलो. त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

हसून झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, “पास म्हणून काही व्हायचं न्हाई. सुरुवात माझी हाये. माझी गड्डी तुझ्याआधी संपती. म्हंजे हरले मीच.”

आकडे तिचेच होते, ती चुकणार नव्हती. तिने मला तिकडूनही कोंडलं होतं. मी माझ्या हातातले पत्ते बघितले. एक बोअर होता.

मी तो खाली ठेवला. एक चिंचोका घातला आणि माझ्या गड्डीतला वरचा पत्ता उलटला. बैलजोडी. बाद. आणखी एक घातला. विहीर निघाली, तीन चिंचोके मिळाले. ते तीन घातले. पाणी आणायला निघालेली बाई, टँकर, पुन्हा विहीर.

“काय करून राह्यली तू?”

मी पुढचा चिंचोका घातला. उलटत गेले. चांगली बांधलेली गड्डी होती, पाणी लागतच गेलं. हलकी गड्डी मध्येच कोरडी पडून मला अडवू शकली असती. ही अडेना. ज्या पाण्याने मी तिला ठेवून घेणार होते, ते मी एकेक चिंचोक्याने पुन्हा जमिनीत घालत होते. तळं निघालं. शेवटचा टँकर निघाला, कोऱ्या कोपऱ्यांचा.

“थांब ना गं,” ती म्हणाली. हात पुढे आला होता, पण तिने माझ्या हाताला लावला नाही.

गड्डी संपली. चटईवर फक्त मरून पाठीची तिची गड्डी उरली होती, बारीकशी.

“तुझी चाल,” मी म्हणाले.

तिने हातातले पत्ते सारखे केले. मग तिने एक पत्ता उचलला आणि म्हणाली, “झाली.”

माझ्याकडे उचलायला काही नव्हतं. “हरले मी. आता तुझं तू ठरव.”

“बेक्कार खेळतीस तू,” ती म्हणाली, आणि चिंचोके गोळा करून डब्यात भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना, माझ्याकडे पाठ करून, तिने सांगितलं की ती जातेय. मी कप विसळत होते. बरं म्हणाले. गड्ड्या इथेच राहू दे, तिकडं कोण खेळणार, असंही म्हणाली.

स्टँडवर तिचे वडील होते, भाऊ होता, सामान होतं. मला फक्त एक पिशवी धरायला मिळाली.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. काम चालू आहे, म्हणजे मी चालू आहे. सतरंजी आता मीच नेते. माईक नेत नाही, माझा आवाज पुरतो, माणसं तेवढीच असतात. टँकरवरची ओळ मी बदललेली नाही. कागदावर ती अजून मला खरी वाटते. खोलीत नवीन मुलगी राहायला आली आहे. चांगली आहे, कानात वायर घालून अभ्यास करते. मी तिला एकदा खेळ शिकवायला बसले. तिने नियम ऐकून घेतले आणि विचारलं, यातून परीक्षेला काही उपयोग होईल का? मी डबा बंद केला.

गड्डी मी अजूनही बांधते, मोडते. अठराच्या जागी सतरा करून बघते, तळं काढते, पुन्हा घालते. पण एक गोष्ट लक्षात आली आहे. पत्ता चांगला की वाईट हे पत्त्यावरून ठरत नाही, समोर कोण बसलंय त्यावरून ठरतं. ती लवकर मारायची म्हणून विहिरी लवकर हव्या होत्या. ती टँकर टाकायची म्हणून मला टँकर कळला. आता समोर चटई आहे, चटईला घाई नाही. सगळेच पत्ते सारखे दिसतात.

ती फोन करते. पावसाळ्यात तिच्या फोनमधून कौलांवरचा पाऊसच ऐकू यायचा, ती काय बोलते ते कळायचं नाही. मला राग यायचा, एवढं पाणी आणि एक वाक्य अलीकडे येऊ देत नाही. परवा मे महिन्यात फोन आला तेव्हा आवाज स्वच्छ होता.

“ऐक,” म्हणाली, “हितंबी टँकर येतो गं. डोंगरावरच्या वाड्यांना. एवढा पाऊस पडतो आन् समदा खाली समुद्रात. बाया हंडे घिऊन बसून असतात, आपल्यासारख्याच.”

किती दिवसाआड येतो ते मी विचारलं, तिने सांगितलं.

“तुझं ते पत्रक पाठव. वाटणार न्हाई, नोकरी हाये. मला वाचायला.”

पाठवलं. तिने वाचल्याची निळी खूण आली. पुढे काही आलं नाही. ड्युटीवर असेल.

तिची गड्डी मी तशीच ठेवली आहे. तिच्यात अजून सहाच पत्ते पाण्याचे आहेत. वाढवायचे तर तिने येऊन वाढवावेत. रविवारी जेवण झालं की मी चटई टाकते, दोन्ही गड्ड्या पिसते, दोन्हीकडे सात-सात पत्ते वाटते. पहिली चाल तिची असते. तिच्या बाजूला जाऊन बसते, एक पत्ता उचलते, हातात ठेवते आणि पास म्हणते.